पिक अपचा पाठ आणि तुझी टोपली

आये, काल सगळ्यात आधी टपकली ती शेजारची वैनी. तिला चारला ये म्हटलं होतं, ही तीनलाच हजर. पदराखाली ताटली आणि ताटलीत चार तळलेले बांगडे. "इंग्रजी शिकायची म्हंजे पोटात कायतरी हवं," म्हणाली आणि ओटीवर भिंतीला टेकून बसली ती बसलीच. ही वैनी तुला आठवत असेल. लग्न होऊन आली तेव्हा दाराआडून बोलायची. आता तिने वाळूवर उभं राहून हाक मारली तर निघालेली होडी मागे फिरते. तिच्यामागून खालच्या आळीतल्या दोघी जावा आल्या. त्या घरात एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून माझ्या ओटीवर बोलायला येतात. आणि सगळ्यात शेवटी, कोणी बोलावलेलं नसताना, आल्या देवरूखच्या मॅडम. पण ते मागाहून सांगते. नाहीतर तू म्हणशील, हिची खोड अजून गेली नाही, मासा शेपटीकडून खायला घेते.

हा सगळा उद्योग तुझ्या पणतीचा. तू गेलीस तेव्हा माझा मुलगा पहिलीत होता ना, पाटीवर गमभन काढून तुझ्या उशाशी आणून ठेवायचा तो? त्याची ही मुलगी. देवरूखला मास्तरीण व्हायचं शिकते. तिथे त्यांना खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर पाठ द्यावा लागतो आणि मागच्या बाकावर त्यांच्या मॅडम वही घेऊन बसतात. हिला नववीच्या वर्गात इंग्रजीचा पाठ आला, आणि आला तो एकच शब्द: पिक अप. शब्द एक की दोन ते मला अजून नक्की ठाऊक नाही. दोन आहेत पण जोडीनेच काम करतात, आपल्या त्या जावांसारखे, असं मी म्हटलं तर पोरगी हसून लोळली. हिने रात्रंदिवस बसून मोठा तक्ता केला, त्यावर सात अर्थ लिहिले, सात रंगांत. वर्गात तो टांगला आणि एकेक वाचत गेली. तिसऱ्या अर्थाला मुलं पेंगायला लागली, पाचव्याला एकाने खिडकीतून कुत्र्याला शुकशुक केलं. मॅडमनी शेरा लिहिला, "पाठात जीव नाही. पुन्हा घ्यावा." पोरगी घरी आली ती जेवलीच नाही. मी म्हटलं, "रडतेस कशाला? आम्ही आहोत ना नववीची मुलं! आमच्यावर घे पाठ." म्हणून ही जमवाजमव.

तर जाळं अडकवायच्या खिळ्याला तक्ता टांगला. पोरीने ओढणी बांधली, हातात फूटपट्टी घेतली आणि विचारलं, "पिक अप म्हणजे काय, कोण सांगेल?" वैनीने शाळेतल्यासारखा हात वर केला. "पिकअप आमच्याकडं हाय की! सकाळीच बर्फ भरून जेटीवर गेली." आता आये, तुला हे ठाऊक नसणार. तुझ्या पश्चात इकडे छोटे टेम्पो आलेत, मासळीचे क्रेट आणि आंब्याच्या पेट्या नेतात, त्या गाडीलाच सगळे पिकअप म्हणतात. पोरीचं तोंड एवढंसं झालं. पण मग तीच म्हणाली, "आजी, बरोबरच आहे की. ती माल उचलते म्हणून पिकअप." झालं, सगळ्यांना हुरूप आला. धाकटी जाऊ म्हणाली, माझा नवरा स्टँडवर पाहुण्यांना आणायला जातो आणि फोनवर 'पिक अप करायला आलोय' म्हणतो, तेच का? तेच. मोठी म्हणाली, आणि मी याला दहा वेळा फोन लावते आणि हा उचलत नाही, ते? तेही तेच. घरी येता येता वाटेत कोथिंबिरीची जुडी घेतली, तेही. पावसाळा सरल्यावर मंद पडलेला धंदा वर आला, वाऱ्याने जोर धरला, तेही. मी मनात म्हटलं, हे इंग्रज लोक फार बाई कंजूष, एकाच भांड्यात आमटी, भात आणि चहा.

तेवढ्यात अंगणाच्या गडग्यापाशी रिक्षा थांबली. मॅडम आणि हिच्या दोन मैत्रिणी. गणपतीपुळ्याला दर्शनाला गेल्या होत्या, वाटेत आमचं गाव, म्हणून म्हणे डोकावलो. पोरगी पांढरी पडली, फूटपट्टी हातातून पडली. मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या. मी आलेलीच नाही असं समजा." आता हे कसं समजायचं? घरात बोका शिरल्यावर सुकटीने समजावं तसं? पोरगी तक्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि वाचायला लागली, पहिला अर्थ, दुसरा अर्थ, अगदी शाळेत झालं होतं तसंच. मॅडमनी पर्समधून छोटी वही काढलेली मी पाहिली.

मग मी काय केलं सांगू? उठले, माळ्यावर चढले. सून खालून ओरडतेय, "अहो सासूबाई, पडाल!" आणि मी तुझी टोपली खाली काढली. हो, तुझीच. तळ दोनदा विणून घेतलाय, कड तीच आहे, तुझ्या हाताने काळी झालेली. अंगणात ठेवली, त्यात पंचवीसेक नारळ टाकले आणि हिच्या त्या दोन मैत्रिणींतल्या एकीला, चांगली धडधाकट होती, म्हटलं, "घे गो, उचल. एकटीने डोक्यावर घे." तिने कमरेपर्यंत आणली आणि तिथेच अडली. "आजी, नाही होत." मी म्हटलं, "कसं होईल? एकटीने कोणालाच होत नाही. एक बाजू तू धर, एक ही धरेल, आणि मधे जी वाकून उभी राहील तिच्या डोक्यावर ठेवायची."

आये, तिथे उभ्या उभ्या मला तो चढ दिसला. आपण बंदरावरून मासळी विकायला वरच्या गावात जायचो तो जांभ्याचा लाल चढ, माथ्यावर वडाखाली ओझं टेकवायला बांधलेला दगडी ओटा. तू तिथे टोपली टेकवतेस, पदराने मान पुसतेस आणि चुंबळ झटकून पुन्हा गोल करतेस. मी दहा वर्षांची, तुझ्या कमरेएवढी. पलीकडची बाजू धरायला कोणी वाटसरू मिळेपर्यंत आपण थांबायचो. तू हाक द्यायचीस, "हात लावा वो कोनीतरी!" आणि कोणी ना कोणी लावायचंच. गवताचा भारा घेऊन जाणारी, सायकलवाला पोस्टमन, एकदा तर देवळातून येणारे ते शाकाहारी घरातले आजोबा. एका हाताने उपरणं नाकाला आणि दुसऱ्या हाताने टोपलीची कड, डोळे मिटलेले, जसे काही समुद्रात बुडी मारतायत. तू म्हणालीस, "आजोबा, वास माशाला हाय, पुन्याला नाय." ते नाक दाबूनच हसले होते. आणि तुझा तो नियम: चढवताना कोणी जड म्हणायचं नाही. म्हटलं की जड होते. मी पहिल्याच दिवशी म्हटलं आणि तुझी टपली खाल्ली.

अंगणात पोरींना मी तोच नियम सांगितला. दोघींनी दोन बाजू धरल्या आणि माझ्या नातीच्या डोक्यावर टोपली चढली. ती सरळ उभी राहिली, दोन्ही हात वर, आणि तिचं तोंड असं उजळलं की मला वाटलं आता पडते की काय. ओरडली, "पिक इट अप! बघा, इट मधे आलं!" मग कळलं ते असं. काय उचललं त्याचं पूर्ण नाव सांगितलं तर ते शेवटीही चालतं, पिक अप द बास्केट. पण नाव न घेता नुसतं 'ते' म्हणायचं झालं की ते दोघांच्या मधेच ठेवायचं. पिक एका बाजूला, अप दुसऱ्या बाजूला. हे तक्त्यावर लिहिलेलंच होतं म्हणे, हिरव्या रंगात, पण हिच्या स्वतःच्याही डोक्यात ते टोपलीखाली उभी राहिल्यावर शिरलं. मग काय, सुटली ती! वैनीला मधे उभं केलं, "पिक हर अप." त्या धाकट्या जावेचं पोर रडत आलं, त्याला उचललं, "पिक हिम अप." दोघी जावा एकाच टोपलीच्या दोन बाजू धरून उभ्या आहेत आणि एकमेकींवर ओरडतायत, "तुझी बाजू वर घे गो!" किती दिवसांनी बोलल्या असतील. शेवटी मॅडम स्वतः पदर खोचून आल्या, डोक्यावर चुंबळ ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "मला पण." त्यांना मात्र दहाच नारळ दिले. सरकारी माणूस, उगाच मान लचकायची.

पाठ झाला. मॅडमनी नातीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता आला जीव. हाच पाठ पुन्हा घ्यायचा." पोरगी आत जाऊन सुनेच्या गळ्यात पडली. मी चहा टाकला, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, वैनीच्या चार बांगड्यांचे आठ तुकडे केले. मॅडम खातायत, मी तक्त्याकडे बघतेय. दोन अर्थ राहिले होते, त्यातला एक निळ्या रंगातला. मी विचारलं, हा कोणता? पोरगी म्हणाली, "शाळेत न जाता, कोणी मुद्दाम न शिकवता, ऐकून बघून आपोआप शिकणं. आजी, हा तुझाच अर्थ आहे. तू दारोदार फिरून मुसलमानवाडीतली बोली शिकलीस, गुजराती शेठाणीशी गुजरातीत भांडायचीस, तेही पिक अप." मला इतकं बरं वाटलं! साठ वर्षं मी स्वतःला अडाणी म्हणत होते, आणि इंग्रजांनी माझ्यासाठी वेगळा शब्द करून ठेवलेला.

आणि तिथेच मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्ही किती शिकलात?" "चौथी," मी म्हटलं. "पुढे का नाही? इतक्या हुशार तुम्ही." मी तोंड उघडलं. उत्तर तयारच असतं माझं, साठ वर्षं तेच देते. पण काल ते ओठाशी येऊन थांबलं. तर वैनीने माझ्या वतीने दिलं. "काय करनार? हिच्या आवशीनं काढली शाळंतून. टोपली चढवायला मानूस नव्हतं ना." मॅडम हळहळल्या. "तेव्हा आयांना शिक्षणाचं महत्त्व कळत नसे," म्हणाल्या. आणि मी, आये, कपबशा उचलल्या आणि आत गेले.

तू शेवटच्या आजारात पडून होतीस. मी तुझे पाय चेपतेय, मुलगा पाटी घेऊन उशाशी उभा. तू त्या पाटीवरून बोट फिरवलंस, अक्षर पुसलं गेलं, आणि तू म्हणालीस, "तुला मी शिकू दिलं नाय गो. माझ्या टोपलीखाली तुझी शाळा गेली." डोळ्यांतून पाणी. मी काय म्हटलं? "जाऊ दे गो आये." एवढंच. तू चार दिवसांनी गेलीस ते तेच मनात घेऊन गेलीस. जाऊ दे म्हणजे मी तुला माफ केलं असं तुला वाटलं असणार. माफ करण्यासारखं तुझ्याकडून काही झालंच नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता ऐक. चौथीचा निकाल लागला त्या दिवशी गुरुजींनी माझ्या हातात चिठ्ठी दिली, घडी घातलेली. "आईला दे." मी वाटेतच उघडली, वाचता येत होतं ना मला. तू चुलीपाशी बसून सुकट निवडत होतीस. म्हणालीस, "काय लिवलंय गुर्जींनी? वाच." मी वाचलं, "तुमची मुलगी पास झाली आहे." तू हातातलं सूप खाली ठेवलंस. "आणि?" "एवढंच." तू ती चिठ्ठी घेतलीस, उलटी धरून बराच वेळ पाहिलीस, आणि देवाच्या फळीवर ठेवलीस. मला जवळ ओढलंस. तुझ्या हातांना सुकटीचा वास, माझ्या वेणीला तो दोन दिवस येत होता. दुसऱ्या दिवशी गुरुजींना नारळ पाठवलास आणि मला निळ्या काचेच्या बांगड्या भरल्यास, सहा सहा.

चिठ्ठीत आणखी होतं. "मुलगी हुशार आहे. पाचवीला रत्नागिरीच्या शाळेत घालावी. फी माफ होईल, राहायची सोय मी बघतो. एकदा येऊन भेटावे." हे मी वाचलं नाही. पाचवीपासून इंग्रजी होतं, आये. मोठ्या मुली सांगायच्या, इंग्रजीचे मास्तर छडीने बोटांच्या पेरांवर मारतात. मी इंग्रजीला भ्याले. आणि दुसरंही एक. त्याच उन्हाळ्यात तुझी मान दुखायला लागली होती आणि तू एकदा सहज म्हणालीस, चढावर कोणी सोबत असतं तर बरं झालं असतं. मला तर तुझ्याबरोबर यायचंच होतं. ती गावं, त्या बायका, प्रत्येक दारात गूळ आणि गार पाणी, आणि तुझ्या तोंडच्या गप्पा. शाळेत कोण एवढं बोलतं? मी उडी मारून म्हटलं, "मी येते." तुला वाटलं, पोरगी आईसाठी शाळा सोडतेय. गुरुजींची त्या पावसाळ्यात बदली झाली. नाहीतर तुला कळलंच असतं आणि तू मला कानाला धरून रत्नागिरीला नेलं असतंस. मला ठाऊक आहे, तू नेलंच असतंस.

चिठ्ठी पुढे उंदराने कुरतडली. बांगड्याही फुटल्या. मी मजेत जगले, आये, हे खोटं नाही. तुझ्याबरोबर चाललेल्या एका दिवसाचाही मला पस्तावा नाही. पण लोक म्हणत राहिले, आईने काढलं, आणि मी म्हणू दिलं. त्यात माझी कीव व्हायची आणि ती गोड लागायची.

मॅडम निघताना मी पुन्हा बाहेर आले. त्या म्हणाल्या, "मी वर्गातल्या सगळ्या मुलींना घेऊन येते. तुमची टोपली आणि तुमचा पाठ सगळ्यांना बघू दे. आजी, आज जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू करू." पोरगी हळूच माझ्या कानात म्हणाली, "आजी, हे पण पिक अप. सातवा अर्थ." मॅडम गुरुवार म्हणत होत्या. मी म्हटलं, "गुरुवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही. तुम्ही बुधवारी या." वैनी लगेच म्हणाली, "बुधवारी मी मोदकं आनते, ती काट्याची मासळी, देवरूखच्या पोरींना काटे काढायला शिकवूया."

हे सगळं मी नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. तिला दाखवलेलं नाही. तुला पाठवायचं कुठे, आणि पाठवून उपयोग काय? तुला वाचता येत नव्हतं. तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवायचे, आणि मी कशी वाचते ते तुला आता कळलंच. म्हणून मघाशी सून बाजारात गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि सगळं मोठ्याने वाचलं, एक ओळ न गाळता. त्या कपबशांपाशी आवाज जरा खाली गेला, ते तेवढं समजून घे. टोपली अजून अंगणातच आहे, नारळ भरलेली. सून म्हणते, माळ्यावर ठेवू का? मी म्हटलं, राहू दे, लागणार आहे. मॅडम पुन्हा विचारतील, पुढे का नाही शिकलात? वैनी तोंड उघडायच्या आधी मला बोलायचंय. जड म्हणणार नाही. बुधवारी यायचं म्हणाल्यात.